शिंगट्याचं छप्पर

पाय आत घ्या आधी. चिंगे, भावाची वाकळ ओढू नकोस. गोष्ट हवी ना? मग मध्ये बोलायचं नाही. बोललात तर मीच झोपते, सांगून ठेवते.

एक होता राजा. त्याची राणी देवाघरी गेली होती बिचारी. मागे एकच लेक, मैना. तान्ही होती तेव्हापासून राजानंच तिला न्हाऊमाखू घातलं. वेणीसुद्धा घालायचा. वेडीवाकडी घालायचा, पण घालायचा हो!

मग मैनाचं लग्न ठरलं. त्या गावची रीत अशी, की नवरीची हळद नव्या पाट्यावर वाटायची, आणि पाटा नदीतल्याच काळ्या दगडाचा हवा. राजानं येसू पाथरवटणीला बोलावलं. म्हणाला, "येसूबाई, चौथ्या दिवशी हळद आहे. पाटा झाला पाहिजे."

येसू गेली नदीवर. बघते तर काय, दगडच नाहीत! इतक्या वर्षांत इतक्या लग्नांना नेले, उरणार कुठून? नुसता गाळ. शोधता शोधता एक चपटा दगड दिसला. आता पाथरवट काय करतात, दगड उचलायच्या आधी वाजवून बघतात, बरं का. चांगला असला तर टण्ण बोलतो, तडा असला तर बद्द. येसूनं हातोडी मारली. दगड म्हणाला, "कुर्र!"

"अगं बाई, हा कुठला आवाज?" म्हणून येसूनं खाली हात घातला. सण्णकन टोचलं! हात सुजून हा एवढा झाला. तो दिवस कळवळण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हाताला फडकं गुंडाळून गेली. टक टक. "कुर्र!" फडक्यातूनही टोचलं. हट्टी होती हो, आपल्या चिंगीसारखी.

तिसऱ्या दिवशी दोन्ही हात सुजलेले, दगड उचलणार कशानं? मग पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तिनं आता केलं. पाण्यात आडवी झाली आणि दगडाखाली डोकावली.

आत होता शिंगटा. बोटाएवढा मासा. मांजरासारख्या मिशा, कल्ल्यांपाशी विषारी काटे. काटे हलवले की कुर्र वाजायचं. पुढ्यात पिवळी पिवळी अंडी, साबुदाण्याएवढी. शिंगटा शेपटीनं त्यांना वारा घालत होता, वर बसलेला गाळ तोंडानं पुसत होता. उपाशी राहून पोट पाठीला लागलेलं.

"बाई," शिंगटा म्हणाला, "पोरांची आई नाही. नदीत एवढं एकच छप्पर उरलंय. हे नेलंस तर आमच्या जातीत मागे कोणी उरत नाही."

येसूला रडूच आलं. तेवढ्यात राजा आला तणतणत. "उद्या हळद! पाटा कुठाय?"

"महाराज, दगड हा एकच. आधी खाली बघा, मग म्हणाल तसं."

राजा भरजरी कपड्यांनिशी पाण्यात आडवा झाला. बराच वेळ उठेचना. सोबत आलेले कारभारी घाबरले. उठला तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही.

"येसूबाई," तो म्हणाला, "एकट्यानं पोरं वाढवणं काय असतं, ते मला विचार. दगडाला हात लावू नकोस."

मग हळदीचं काय? मैना म्हणाली, "बाबा, आईच्या हळदीचा पाटा आहे की घरात!"

त्याच्यावरच हळद वाटली. आणि सासरी निघताना मैनानं आईचा तो पाटा नदीवर नेला. एका बाजूनं तिनं धरला, दुसऱ्या बाजूनं राजानं. शिंगट्याच्या शेजारी अलगद ठेवला, खाली बोटभर जागा सोडून. तेव्हापासून गावची रीतच उलटली. लग्न झालं की नवरीनं घरातला जुना पाटा नदीला द्यायचा.

मग शिंगट्याची पोरं फुटली, एवढ्या एवढ्या मिशांची. एकेकाला एकेक छप्पर मिळालं. राजा रोज संध्याकाळी नदीवर जायचा, पाण्यात वाकून दगडाला कान लावायचा, कुर्र ऐकायला. लेक सासरी, पण घर भरल्यासारखं वाटायचं त्याला.

कुर्र... ऐकलंत? मासा नव्हे गं, तुझा भाऊ घोरतोय. मीट डोळे तूही.