पुसायचा दिवस

एकदा एक गाव पाण्याखाली गेले. पाणी रागावून आले नव्हते. ते आखून, मोजून, सरकारी शिक्का घेऊन आले होते. माणसांना वर माळावर हलवण्यात आले. तिथल्या वसाहतीला सरकारने एक आकडा दिला आणि आकड्याची पाटी रस्त्याकडेला रोवली. लोकांनी त्या पाटीच्या खांबाला गुरे बांधली आणि गावाला पूर्वीसारखेच वाकेसर म्हणत राहिले.

माळाच्या टोकाला, जिथून ते पाणी दिसते, तिथे त्यांनी एक भिंत उभारली. भिंतीवर गेरूने बुडालेले गाव काढलेले असे: वेस, विहीर, चिंच, कोणाचे घर कुठे, कोणती बोळ कुठे वळत होती. दर चैत्रात, पाडवा झाला की, भिंतीला चुना देऊन ते सारे चित्र पुसले जाई आणि पुन्हा नव्याने काढले जाई. गाव सोडताना जाणत्या माणसांनी बजावले होते, "बाकी काही करा न करा, वर्षातून एकदा पुसत जा." म्हणून त्या दिवसाचे नावच पडले, पुसायचा दिवस. का पुसायचे, हे कोणी सांगितले नाही आणि कोणाला त्याची गरजही वाटली नाही.

चित्र काढण्याचे काम एका वृद्धाकडे होते. सारे त्यांना आबा म्हणत. आबा गेरूचा डबा घेऊन बसत आणि उन्हे डोक्यावर येईपर्यंत अख्खे गाव भिंतीवर उतरलेले असे. लोक नारळ फोडत, हात जोडत, गोडाचे जेवून घरी जात. 'आबा आहेत तोवर काळजी नाही,' असे म्हणायची रीत पडली होती. काळजी दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात आपण सारेच मोठे वाकबगार असतो.

आबांची एक शिष्या होती, सुगंधा. शहरात शिकलेली, पण आबांकडून ते चित्र शिकावे म्हणून गावी परतलेली. आबांचे काही बिनसले आहे, हे प्रथम तिच्याच ध्यानात आले. चहा पिऊन झाला की ते पुन्हा चहा मागत. बोलता बोलता एखादा शब्द हातातून निसटे आणि ते नुसते पाहत राहत. एकदा त्यांनी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, तेव्हा ती खरोखर भ्याली. आबांच्या स्मृतीत जे गाव शिल्लक होते ते आता दुसऱ्यांदा बुडणार, आणि या खेपेला त्याला वर माळावर आणून ठेवणारे कोणी नाही, असे तिला वाटले.

एका व्यापाऱ्याचा त्या भिंतीच्या जागेवर कधीचा डोळा होता. पाण्याच्या काठी त्याला मोठे हॉटेल बांधायचे होते. सुगंधा मदत मागायला त्याच्याकडे गेली, आणि त्याने मोठ्या मनाने तोड काढली. भिंतीची छायाचित्रे घ्यायची, आबांना बोलते करायचे आणि सारे एका यंत्रात भरायचे. मग कोणीही पडद्यापुढे उभे राहावे, काहीही विचारावे, उत्तर हजर. त्या बदल्यात गावाने जागा द्यायची.

"यंत्रातलं कधी पुसलं जात नाही," तो म्हणाला.

सुगंधाने गावाला पटवले. पुसायच्या दिवशी आबा चित्र काढतील, व्यापारी ते टिपून घेईल आणि संध्याकाळी जागेच्या कागदावर सह्या होतील, असे ठरले. आबांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "येऊ दे त्याला."

तो दिवस आला. आबांनी पहाटेच भिंतीला स्वतःच्या हाताने चुना दिला. गाव जमले. व्यापारी आला, त्याच्या माणसांनी कॅमेरे मांडले. आणि आबा गेरूचा डबा बंद करून, भिंतीला टेकून खाली बसले.

"आबा, काढा ना," सुगंधा म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

"मी नाही काढणार."

"मग पुसलंत कशाला?"

"पुसायचा दिवस आहे म्हणून. माझं पुसून झालं. आता तू पूस."

सुगंधाने त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले. म्हातारपणाने आबांना पुरते घेरले, असे वाटून तिचे डोळे भरून आले. "आबा, आता काय उरलंय पुसायला?"

"भिंत नव्हे गं, पोरी. माणसं. माणसांना पूस."

ती त्यांच्याकडे वाकली. तेव्हा आबा सावकाश म्हणाले, "आमच्या लहानपणी कोणी 'विचारत' नव्हतं. आम्ही पुसायचो. वाटसरू वाट पुसायचा, पाहुणा खुशाली पुसायचा. गाव सोडताना म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं होतं. म्हणजे, वर्षातून एकदा एकमेकांना पुसा, काय कुठं होतं म्हणून. भिंत पुसायची ती त्याच्यासाठी. समोर सगळं काढलेलं असलं की कोण कोणाला पुसतंय? पण अर्धा रिवाज हातात राहिला. तुम्ही चुन्याची बादली तेवढी धरलीत. मला मान मिळत होता, मीही गप्प बसलो."

सुगंधाने डबा उचलला, बोट गेरूत बुडवले आणि वळून लोकांना पुसले, "वेशीतून आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. इतकी वर्षे ज्या चित्राला हात जोडले, त्यातले पहिले घर कोणाला सांगता येईना. व्यापाऱ्याला हसू आले, आणि ते त्याने लपवलेही नाही.

"माझं दुकान," रमजान तांबोळी शेवटी म्हणाला.

"तुझं कसलं?" तुळसाकाकू मागून म्हणाल्या. "आधी कासाराचं होतं ते. आणि डाव्या हाताला नव्हे, उजव्या."

"विहिरीकडून येणाऱ्याला उजव्या, काकू. वेशीकडून डाव्या."

"मग तसं सांग की."

आणि भिंतीपुढे भांडण जुंपले. चिंच देवळापुढे की मागे, यावरून सख्ख्या भावांत वाजले. कोणाला एका घराचा रंग आठवला, कोणाला त्या घरातला खोकला. तुळसाकाकू तर पुढेच आल्या आणि भिंतीवरच्या विहिरीजवळ त्यांनी गेरूचा एक ठिपका उमटवला.

"हा धुण्याचा दगड. सासरी आले तेव्हा यावरच बसून रडले होते मी. आबांच्या भिंतीवर तो कधीच नव्हता. पुरुषमाणूस, त्यांना कुठनं ठाऊक? दरवर्षी मी बघायचे, दगड नाही. पण मला कोणी पुसलंच नाही."

व्यापारी पुढे झाला. "आबा, हा गोंधळ बघताय ना? माझ्या यंत्रात एकच उत्तर असेल, पक्कं. ते भांडत नाही, काही विसरत नाही."

"ठेव की यंत्रात, माझी ना नाही," आबा म्हणाले. "आम्हीही कणगीत धान्य ठेवतो. पण कणगी भरली म्हणून कोणी शेत विकत नाही. तुझं यंत्र विसरत नाही, खरं आहे. म्हणूनच त्याला आठवतही नाही. त्याच्यात सगळं नुसतं साठलेलं असतं. आठवायचं तर आधी हरवावं लागतं, जीव घाबरा व्हावा लागतो, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. आणि शेठ, मी तुला हसत नाही. इतकी वर्षं मीच यांचं यंत्र होतो. नारळ फोडला की भिंतीवर गाव तयार. आता ते यंत्र बिघडलंय. बरं झालं."

"मग जागेचं काय?" व्यापाऱ्याने कागद पुढे केला, तो सुगंधाकडे. ठरवले तिनेच होते.

सुगंधाने कागद घेतला नाही. ती भिंतीकडे गेली आणि वेशीच्या वर मोठ्या अक्षरांत 'वाकेसर' लिहिले. मग म्हणाली, "शब्द माझा होता, तो मीच मोडते. जागा मिळणार नाही. फोटो काढायचे तर काढा, पण दरवर्षी यावं लागेल. पुढच्या वर्षी हे असंच नसेल."

"पस्तावाल," व्यापारी लोकांना म्हणाला. "म्हातारा गेला की हातात काही उरणार नाही."

"शेठ," रमजान शांतपणे म्हणाला, "पहिल्यांदा बुडवलं तेव्हा आम्हाला कोणी पुसलं नव्हतं. आज तुम्ही पुसलंत, तर उत्तर ऐका. नाही म्हणतो आम्ही."

व्यापाऱ्याने कॅमेरे आवरले.

ऊन कलेपर्यंत चित्र पुरे झाले. वेस वाकडी होती, चिंच दोन जागी होती, कारण दोघा भावांपैकी कोणीच मागे हटले नव्हते. आबा उठून भिंतीपुढे गेले. त्यांचे बोट बोळाबोळांतून फिरत राहिले आणि एका जागी थांबले.

"माझं घर कुठं होतं गं?" त्यांनी पुसले.

सुगंधा काही बोलण्याआधीच तुळसाकाकूंची सून पुढे आली. ती माळावरच लग्न होऊन आलेली. जुने गाव तिने कधी पाहिलेच नव्हते, सकाळपासूनच्या भांडणातून ऐकले तेवढेच. तिने आबांचे बोट हातात धरून भिंतीवर टेकवले.

"इथं, आबा. चिंचेच्या अंगाला. दाराशी जातं होतं."

"बरोबर," आबा म्हणाले, आणि तिथेच, भिंतीच्या सावलीत बसले. त्यांनी खरोखर विसरून पुसले की मुद्दाम, हे मात्र त्यांना कोणी पुसले नाही.