सुट्या पानांची फाइल

"कुणीतरी शेवटची ओळ लिहायला विसरतंय, बुवा."

निनाद हे कुणाकडेही न बघता म्हणाला. पण खोलीत बुवांखेरीज मेहजबीन एकटीच होती. तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

अच्युतबुवांनी उमेदीची वर्षं प्रोग्रॅम लिहिण्यात घालवली होती. आता नदीकाठच्या मठात राहून ते जुन्या पोथ्यांच्या फाइली करवून घेत. पोथीची सगळी पानं एका फाइलीत साठवणारा भाग निनादने लिहिला होता. मेहजबीनचा स्कॅनरचा प्रोग्रॅम त्याला एकेक पान देई. सगळी देऊन झाली की शेवटच्या ओळीत 'बंद कर' असं सांगायचं. न सांगितलं तर अख्खी फाइल वाया.

काल स्कॅनर मध्येच अडला, तिचा प्रोग्रॅम थांबला, सांगायचं राहिलं. फाइल उघडेना. आणि पोथीचा कागद तर हात लावला की झडत होता. फार तर आणखी एकदा स्कॅन झेपलं असतं.

"सूचना स्पष्ट लिहिल्यात," निनाद म्हणाला. "वाचायला नकोत?"

बुवांनी शेजारच्या एका धडधाकट पोथीची दोरी, रुमाल आणि फळ्या सोडल्या.

"हात पुढे कर."

एकेक सुटं पान ते त्याच्या हातांवर ठेवू लागले. खिडकीतून नदीचा वारा येत होता. अर्ध्यावर बुवा उठले आणि बाहेर निघून गेले.

निनाद वाट बघत राहिला...

पानं फडफडू लागली. त्याने घाईघाईने वरखाली फळ्या लावल्या, रुमाल गुंडाळला, दोरी आवळली.

बुवा दारातच उभे होते.

"बांधलीस?"

"उडाली असती ना."

"मी तर बांध म्हणालो नव्हतो."

निनाद मान खाली घालून यंत्रापुढे बसला. दुपारपर्यंत त्याने 'बंद कर' हा हुकूमच काढून टाकला. देणारा कसाही थांबो, आलेली पानं जपून फाइल आपली आपण मिटणार होती.

संध्याकाळी त्या कालच्या झडत्या पोथीच्या मध्यावर स्कॅनर पुन्हा अडला. निनादने श्वास रोखून फाइल उघडली. तोवरचं प्रत्येक पान जागच्या जागी होतं. उरलेली त्यापुढे जोडता येत होती.

तो बुवांच्या पाया पडायला वाकला. बुवांनी पाय मागे घेतले आणि मेहजबीनकडे बोट दाखवलं.

सकाळच्या बोलण्याबद्दल त्याने तिची माफी मागितली. मग जरा चाचरतच, नवी रचना कशी वाटली, असं विचारलं.

मेहजबीनने पुढचं पान अलगद काचेवर ठेवलं.

"कसली रचना? मी तर नुसती पानं देत होते."