माळणीचं कुंपण

कोण्या एका गावात एक माळीण राहत होती. पायाला भिंगरी आणि जिवाला घोर, अशी तिची तऱ्हा. भाकरी तव्यावर टाकली की तिला दूध आठवायचं, दुधापाशी गेली की भाकरी करपायची. लेक चालायच्या वयाची झाली, तरी माळीण तिचा हात सोडत नसे. पडली तर?

घरामागे शेवंतीचा वाफा होता. दसऱ्याला त्या फुलांवर घरात वर्षाचं धान्य येई. पण दर वर्षी संध्याकाळी परतणारी गुरं वाफ्यात शिरत आणि निम्म्या कळ्या फस्त करत. म्हणून यंदा पावसाच्या तोंडाला माळणीने कडेने अडुळसा, मेंदी, कोरांटी, मिळतील ती रोपं लावली. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

रोपाशेजारी काठी रोवायची आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सुतळीने करकचून बांधायचं, असं तिने चालवलं. रांगेच्या टोकाची थोडी रोपं उरली आणि सुतळी संपली. मग जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तिने ती कशीबशी बांधली.

वारा सुटला की तिचा जीव खालीवर होई. जेवणावरून उठून ती गाठी आवळून येई.

"अगं, जरा डोलू दे की त्यांना," नवरा म्हणे.

"डोलली की मोडली! तुमचं काय जातंय बोलायला?"

चिंधी मात्र आवळली की फाटायची. ती रोपं वाऱ्यावर डोलतच राहिली.

नवरात्रात शेवंती कळ्यांनी वाकली. तिला आधाराला काठ्या हव्या होत्या. कुंपण कमरेएवढं झालेलं, आता ते आपलं आपण उभं राहील म्हणून माळणीने गाठी कापून त्याच्याच सगळ्या काठ्या उपटल्या. आणि काय सांगावं! सुतळीची रोपं एकामागून एक आडवी झाली. उंची होती, पण बुंधे काडीएवढे, त्यात सुतळी सालीत रुतलेली. माळीण एकेक रोप उचलून उभं करते तोवर गुरं आली आणि आडव्या कुंपणावरून सरळ आत शिरली. कळ्या गेल्या. माळीण मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

टोकाची रोपं तेवढी ताठ उभी होती. तिने एकाचा बुंधा मुठीत धरून हलवला. मूळ जागचं हललं नाही.

"यांना तर मी नीट बांधलंसुद्धा नव्हतं," ती म्हणाली.

नवऱ्याने कोयता आणून दिला.

तिने पडलेली रोपं फुटवे यावेत म्हणून बुडाशी छाटली. बुटक्या काठ्या लावल्या, चिंध्यांच्या सैल गाठी दिल्या. लेक तिचं बोट धरून उभी होती. माळणीने बोट सोडवून घेतलं.

पोर एक पाऊल टाकून बदकन पडली. माळणीचे हात धावले, पण तिने ते पदरात गुंडाळून घेतले. पोर उठली आणि टोकाच्या अडुळशापर्यंत एकटी चालत गेली.

तात्पर्य: आधार जरूर द्यावा, पण गाठ सैल ठेवावी. डोलल्यावाचून बुंधा भरत नाही.