रेशीमशेडमधला राखण्या

खडकाळी हे माळावरचं लहानसं गाव. तिथल्या काही बायकांनी एकत्र येऊन तुतीची लागवड केली, शेताच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड उभारली आणि तिच्यात रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. शेड सगळ्यांची, पण मांडणी जिची तिची. आपल्या मांडणीवरच्या अळ्यांना जिने तिने पाला घालायचा, खालची घाण काढायची आणि तयार झालेले कोष आपले म्हणून विकायचे, असा त्यांचा रिवाज होता.

ह्या गटात कावेरी गव्हाणे होती. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. गावात कुणाची मोटार अडली, कुणाचा पंखा बंद पडला, की आधी कावेरीला हाक जायची. ती यायची, दोन तारा इकडच्या तिकडे करायची आणि मोटार सुरू व्हायची. अडलेलं काम झटक्यात उरकण्याबद्दल तिचं नाव होतं आणि त्या नावाचा तिला अभिमानही होता. त्यामुळे शेडमधला छोटा कॉम्प्युटर सांभाळायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

हा कॉम्प्युटर तळहातावर मावेल एवढा होता. ना पडदा, ना कळा. एक हिरवी पट्टी आणि तिच्यातून निघालेल्या तारा. काही बघायचं असलं की कावेरी आपला लॅपटॉप त्याला जोडायची. शेडमधली उष्णता आणि ओलावा तो सतत मोजायचा. हवा कोरडी झाली की फॉगर लावून पाण्याचे बारीक तुषार सोडायचा. थंडीच्या दिवसांत हीटर लावायचा. अळी भारी नाजूक. हवा जरा बिघडली की तिचं खाणं सुटतं. म्हणून बायकांचा सगळा भार त्या हिरव्या पट्टीवर होता.

त्याच कॉम्प्युटरमध्ये एक राखणदारही बसवलेला होता. तोही प्रोग्रामच, पण बायका त्याला राखण्या म्हणायच्या. कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा, हे त्याला आधीच ठरवून दिलेलं होतं. ठरल्याबाहेर कुणी काही करू लागलं की राखण्या त्याला अडवायचा आणि कुणाला, कशापासून अडवलं त्याची तक्रार लिहून ठेवायचा. यंत्र बसवून देणाऱ्या इंजिनिअर बाई निघताना कावेरीला म्हणाल्या होत्या, "हा तुमचंसुद्धा ऐकणार नाही. तेवढ्यासाठीच ठेवलाय त्याला."

कावेरी तेव्हा नुसती हसली होती.

त्या वर्षी गटात बैजा नावाची नवी बाई आली. तिच्या घरी हे कुणालाच पटलेलं नव्हतं. "किडे पाळून कुणाचं भलं झालंय?" असं नवरा दिवसाआड विचारायचा. बैजा आपल्या कामाला लागायची. पहाटे उठून कोवळा पाला तोडायची, तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि आपल्या मांडणीपाशी उभी राहून अळ्या खाताना बघत राहायची. शेकडो अळ्या एकदम पाला खाऊ लागल्या की पत्र्यावर पावसाची भुरभुर लागावी तसा आवाज येतो. तो आवाज तिला फार आवडायचा. तिची मांडणी शेडच्या टोकाला होती, हीटरजवळची. नव्या बाईला उरलेली जागा मिळाली होती.

चैत्र तापला. अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या. आता आठवड्याभरात कोष विणायला लागतील अशा. आणि नेमका तेव्हा जुना फॉगर जळाला.

गटाने घाईघाईने तालुक्याच्या दुकानातून नवा फॉगर आणला. त्याच्यासोबत तो चालवणारा प्रोग्राम एका मेमरी कार्डावर आला होता. कावेरीने फॉगर टांगला, तारा जोडल्या, प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला आणि सुरू केला. फॉगर हललासुद्धा नाही. लॅपटॉपवर दोनच शब्द उमटले: परवानगी नाही.

कावेरीने प्रोग्राम आपल्या नावावर करून घेतला. परवानगी नाही. मग तिने यंत्राच्या मालकाचा सगळ्यात मोठा अधिकार वापरून तोच हुकूम पुन्हा दिला. तरीही परवानगी नाही. राखण्या अडवत होता, आणि त्याच्यापुढे मालकीणही कुणी नव्हती.

दुपार चढत चालली. मांडणीवरचा पाला कडेने वाळून वळायला लागला. बायका दारात घोळका करून उभ्या राहिल्या. कावेरीचा दीर नामदेव फॉगर टांगायला मदतीला आला होता. तो म्हणाला, "वहिनी, एवढा विचार कसला करता? त्या राखण्याला बसवा बाजूला. अळ्या जगल्या पाहिजेत का त्याचे नियम?"

इतक्या बायकांसमोर आपल्याला एक साधा फॉगर सुरू करता येत नाही, ही गोष्ट कावेरीला अळ्यांच्या काळजीइतकीच लागली होती. राखण्याने तक्रारी लिहून ठेवल्या होत्या. त्या उघडून बघायला फार वेळ लागला नसता. पण तिने त्या उघडल्या नाहीत. राखण्या ऐकत नसला तरी त्याला बंद करणं मालकिणीच्या हातात होतं; एका हुकमात तिने त्याला बंद केलं.

फॉगर फुसकन सुरू झाला. शेडभर गार धुकं पसरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बैजा तर वर तोंड करून धुक्यात उभीच राहिली.

"बघा," नामदेव म्हणाला, "एवढंच तर होतं."

संध्याकाळच्या पाल्यासाठी सगळ्या बायका तुतीच्या शेतात गेल्या. कावेरीही गेली. राखण्याला पुन्हा कामावर घ्यायचं तिच्या मनात होतं, पण ते नंतर करू, असं ती म्हणाली.

पाल्याचे भारे घेऊन त्या परतल्या तेव्हा शेडचं दार उघडताच अंगावर वाफ आली. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढावं तशी. फॉगर बंद होता आणि पलीकडच्या टोकाला हीटर लालभडक पेटलेला होता. चैत्रातल्या उन्हात, पत्र्याखाली, हीटर.

कावेरी धावत गेली आणि तिने हीटरची वायर उपटली. बाकीच्या बायकांनी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या मांडण्यांवरच्या अळ्या मलूल झाल्या होत्या, पण हलत होत्या. बैजाच्या मांडणीवरच्या अळ्या मात्र लांबट होऊन निपचित पडल्या होत्या. कितीतरी अळ्यांच्या तोंडातून हिरवं पाणी आलेलं. बैजाने एक अळी उचलून हातावर घेतली. ती तशीच लोंबली.

नामदेव म्हणाला, "मशीन बिघडलं. दुकानदारानं खराब माल दिला, दुसरं काय?"

बायकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना पटण्यासारखंच होतं ते. कावेरी गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. तिने बैजाकडे पाहिलं. बैजा अजून हातातली अळी खाली ठेवत नव्हती.

"मशीन नाही बिघडलं," कावेरी म्हणाली. "मी राखण्याला बंद केलं. तो का अडवतोय ते मी बघितलंसुद्धा नाही."

बैजाने ऐकून घेतलं. मग टोपली आणली आणि मेलेल्या अळ्या गोळा करायला लागली. त्या खड्ड्यात टाकून वर चुना घालावा लागतो, नाहीतर दुसऱ्या अळ्यांना रोग लागतो. ते काम तिने एकटीने केलं. कुणी मदतीला गेलं तर ती नुसता हात करून थांबवायची.

कावेरीने सगळ्यात आधी राखण्याला पुन्हा कामावर घेतलं. फॉगर अर्थातच सुरू होईना. पाला पुन्हा सुकू लागला, तेव्हा ती बायकांना म्हणाली, "गोणपाटं भिजवा आणि खिडक्यांना टांगा. मला थोडा वेळ लागेल. ह्या वेळी तो लागू द्या." बायका कुरकुरल्या, पण गोणपाटं भिजवायला गेल्या. कावेरी खाली मांडी घालून बसली आणि तिने राखण्याच्या तक्रारी उघडल्या.

पहिली तक्रार साधी होती. कार्डावरून आलेल्या प्रोग्रामवर अजून बाहेरचा असा शिक्का होता, आणि बाहेरच्याला शेडमधल्या कशालाच हात लावू द्यायचा नाही असा नियम होता. कावेरीने तो शिक्का बदलून त्याला शेडमधला केला आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

आता दुसरी तक्रार आली. हा प्रोग्राम फॉगरचं बटण दाबू पाहतोय. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही. हे मागणं रास्त होतं. कावेरीने नियमांत एक ओळ घातली, की ह्याने फॉगरचं बटण दाबावं. फॉगर सुरू झाला.

दारातून बघणाऱ्या बायकांनी सुस्कारा सोडला. पण कावेरी उठली नाही. कारण तक्रारी थांबल्या नव्हत्या. ओलावा वाढला तशी एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली. हा प्रोग्राम हीटरचं बटण दाबू पाहतोय.

नामदेव मागून वाकून बघत होता. त्याला आता खरंच मदत करायची होती. तो म्हणाला, "वहिनी, आलेल्या सगळ्या तक्रारी एका हुकमात मंजूर करता येतात म्हणे. करून टाका, म्हणजे कटकट मिटेल."

"सगळ्या मंजूर केल्या तर हीटरही मंजूर होईल, भाऊजी."

कावेरीने प्रोग्राम उघडून ओळीओळीने वाचला. तो कुठल्यातरी थंड, दमट मुलुखातल्या शेडसाठी लिहिलेला होता. तिकडे ओलावा वाढला की हीटर लावून हवा कोरडी करायची पद्धत असणार. त्यात कुणाचा कपटभाव नव्हता. तिकडचं शहाणपण इकडच्या उन्हात अळ्यांचा घास घेणारं होतं, एवढंच. आणि राखण्या पहिल्यापासून अशाच गोष्टीसाठी दार अडवून उभा होता.

तिने प्रोग्राममधून हीटरच्या ओळी काढून टाकल्या. राखण्याच्या नियमांत हीटरची परवानगी घातली नाही. तक्रारी थांबल्या. फॉगर चालत राहिला, ओलावा पुरेसा झाल्यावर आपणहून थांबला, आणि हवा सुकल्यावर पुन्हा लागला. कावेरी ते सगळं बघत बसली. तिला पूर्वी असं बसवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बैजाच्या रिकाम्या मांडणीपाशी गेली. बैजा मांडणी पुसत होती.

"माझ्या अळ्या तू घे," कावेरी म्हणाली.

"सगळ्या?"

"सगळ्या."

बैजाने फडकं पिळलं. "सगळ्या घेतल्या तर तुम्ही परत इकडं फिरकायच्या नाहीत, ताई. अर्ध्या द्या." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आणि अजून एक द्या. तो राखण्या काय लिहितो ते मला वाचायला शिकवा. माझी मांडणी त्याच्या भरवशावर आहे. त्यानं हाक मारली तर मला कळायला पाहिजे."

कावेरीला ह्याची अपेक्षा नव्हती. मग अर्ध्या अळ्या दोघींनी मिळून पाल्यासकट उचलून नेल्या. त्याच आठवड्यात कावेरीने राखण्याच्या तक्रारी मराठीत दिसतील अशी सोय केली. कोण, कशाला हात लावतोय, आणि ते त्याचं काम आहे का, अशा सरळ शब्दांत. बैजा रोज पाला घातल्यावर त्या वाचायची. सुरुवातीला अडखळत, मग सहज.

अळ्यांनी कोष विणले. बैजाच्या मांडणीवरचे कोष इतरांपेक्षा कमी होते, पण पांढरेशुभ्र आणि घट्ट होते. तिच्या नवऱ्याने एक कोष हातात घेऊन दाबून पाहिला आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून किड्यांनी कुणाचं भलं झालंय, हा प्रश्न त्याने विचारला नाही.

पुढे वैशाखात गटाने पंखे घेतले. त्यांच्याबरोबर पुन्हा एक नवा प्रोग्राम आला आणि राखण्याने पुन्हा दार अडवलं. कावेरी त्या दिवशी गावात नव्हती, पण तिचा लॅपटॉप शेडमध्येच होता. बायकांना घाई होती, ऊन तापत होतं, आणि नामदेवला राखण्याला बंद करायचा हुकूम आता पाठ होता. त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

बैजाने लॅपटॉपवर हात ठेवला.

"थांबा भाऊजी," ती म्हणाली. "आधी तो काय म्हणतोय ते वाचू."

तात्पर्य: जो अडवतो त्याला दूर सारण्याआधी तो का अडवतो ते विचारावं, आणि ज्याला परवानगी द्यायची त्याला कामापुरतीच द्यावी.