साळूच्या काट्यांचं कुंपण

लांब समुद्रात एक बेट होतं, बेटावर दाट रान, नि त्या रानात राहायची एक म्हातारी साळू. साळू म्हणजे साळिंदर हो, अंगभर काटे. काटे टोकदार, पण जीभ मऊ. तिच्या गोतावळ्यात एक रीत होती. दारी कुणी भुकेलं आलं, की अंगावरचा एक काटा उपटून त्याला द्यायचा. ज्याच्याकडं काटा, त्यानं ओढ्याकाठचे कंद खावेत, ओढ्याचं पाणी प्यावं, नि पावसाळा सरला की काटा परत देऊन आपल्या वाटेला लागावं. आजवर सगळ्यांनी दिला होता. अगदी कोल्ह्यानंसुद्धा! हसू नका पोरांनो, कोल्ह्यालाही कधीकधी लाज वाटते.

एकदा एका फुटक्या ओंडक्याला चिकटून मूठभर उंदीर वाहत आले. निम्मे वाटेतच बुडालेले, उरलेल्यांची हाडं वर आलेली. त्यांचा म्होरक्या वाळूत नाक घासत म्हणाला, "मावशी, वाचव गं! आमच्या जुन्या गोदामात ते मोठाले उंदीर आम्हाला शेपटी डावीकडं वळवून प्रार्थना करू देईनात. म्हणून निघालो."

"एवढ्यासाठी समुद्र ओलांडलात?" साळूला हसू आवरेना. "अरे, शेपटी तुझी, वळव कुठंही. आधी पोटात काही घाल." तिनं एकेकाला काटा दिला. कुठला कंद घशाला खाजतो नि कुठला गोड, तेही शिकवलं. "पावसाळा सरला की काटे परत द्या हं."

"आईशप्पथ, मावशी!"

पावसाळा सरला. काटे काही आले नाहीत, आणखी ओंडके मात्र आले. साळू म्होरक्याला विचारायला गेली, तर ओढ्याकाठी तिचेच काटे ओळीनं जमिनीत रोवलेले. आतल्या जागेचं नावही ठेवून झालेलं : नवं गोदाम.

"हे काय रे?"

"कुंपण! तूच दिलेस की काटे. दिलेली वस्तू घेणाऱ्याची. बरं, हे नवे आलेत बघ, बिचारे उपाशी आहेत. यांनाही दे."

साळूची भाची तिथंच उभी होती. ती कळवळून म्हणाली, "आत्या, आता बस कर! तुझं वय झालं, उपटलेला काटा पुन्हा उगवत नाही."

"उपाशी माणूस, नाही, उपाशी उंदीर दारातून परत गेला, तर आपण साळिंदर कसले गं?" असं म्हणून साळूनं पाठ पुढं केली. इथंच ती फसली. त्यांची भूक खरी होती, म्हणून तिला वाटलं शपथही खरी असेल.

मग उंदरांच्या अंगावरच्या पिसवा साळिंदरांच्या बिळांत शिरल्या. ताप आला. भाची गेली, भाऊ गेले, बिळंच्या बिळं गप्प झाली. म्होरक्यानं शेपटी डावीकडं वळवली नि डोळे मिटून म्हणाला, "देवाची कृपा! आपल्यासाठी जागा मोकळी केली." पुढं एका उंदराची शेपटी प्रार्थनेत उजवीकडं वळली, तर त्याला बडवून बाहेर काढलं. तो ओढ्याच्या वरच्या अंगाला गेला नि त्यानं वेगळं कुंपण घातलं. काटे कुणाकडून आणले? विचारू नका.

उन्हाळा लागला. रानातली डबकी आटली. एकटी उरलेली साळू तहानेनं खुरडत ओढ्यावर आली. कुंपणाच्या तोंडाशी तिथंच जन्मलेला एक तरणा उंदीर मिशांवर ताव देत उभा होता.

"ए म्हातारे, कुठून आलीस?"

"मी इथलीच रे. घोटभर पाणी पिते नि जाते."

"इथले आम्ही. आत यायचं तर काटा दाखव. आमच्यात तशी जुनी रीत आहे."

साळूनं सवयीनं मान मागं वळवली. पाठ उघडी. समोर कुंपणात मात्र तिचे काटे उन्हात चमकत होते, एकेक ओळखीचा. "हा बघ," ती म्हणाली, "हा माझ्या मानेवरचा."

"मग मानेवर का नाही?" उंदीर खो खो हसला. फार हजरजबाबी हो! ते काटे कुणाचे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

साळू कुंपणाबाहेर बसली. आत ओढा खळखळत होता. दुसऱ्या दिवशी उंदरांना ती तिथंच सापडली, आणि ते आपसात म्हणाले, "अरेरे! हिच्या जातीला काटे नसतात वाटतं."

तात्पर्य : भुकेल्याला जेवू घालावं, पण ज्याच्या जोरावर आपण आपल्या दारात उभे असतो, ते काढून त्याला देऊ नये, आणि परत करायच्या बोलीवर घेतलेलं जो आपलंच म्हणतो, त्याची शेपटी प्रार्थनेत कुठंही वळो, तो चोरच.