उंबरावरचं टपाल

माणसांना टपाल सुचण्याच्या कितीतरी आधी एका उंबरावर पक्ष्यांचं टपाल चालायचं. कारभारी होता सुतारपक्षी. निरोप्यानं ढोलीत शिरायचं, ढोलीच्या तोंडाला पान लावायचं आणि आतून निरोप सांगायचा. उघड्यावर सांगितलेला निरोप चालत नसे. पान लावलेल्या ढोलीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असाही दंडक होता.

संध्याकाळी टपाल बंद करायचं काम कारभाऱ्याचं. त्यामुळे पानं काढणंही त्याच्याचकडे असं धरून साळुंकी, बुलबुल आणि कोतवाल आपापलं पान तसंच ठेवून भुर्रकन निघून जायचे आणि सकाळी नवी ढोली धरायचे. ढोल्या संपल्या की सुतारपक्षी नव्या कोरायचा आणि काम वाढलं म्हणून मिरवायचा. उंबराची पार चाळण झाली.

एका दुपारी पोपट धापा टाकत आला. "महत्त्वाचा निरोप आहे. ढोली द्या."

"जागा नाही," सुतारपक्षी म्हणाला. "सगळे आत कामात आहेत."

"सगळे तर इथे फांदीवर उंबरं खातायत."

"बंद करणं कारभाऱ्यांकडे असतं," साळुंकी तोंड पुसत म्हणाली. "आम्ही साधे निरोपे."

"टपाल त्यांचं, साळुंकीबाई. पान कुणी लावलं होतं?"

साळुंकी नाइलाजानं उठली. तिची स्वतःचीच सतरा पानं निघाली. त्यातलं पहिलं ओढून ढोली मोकळी होईपर्यंत फांद्यांत धूर शिरला होता, आणि वणव्याचा निरोप पोपटानं न सांगताच सगळ्यांना पोचला.

जीव वाचले, उंबर गेला. नव्या झाडावर सुतारपक्ष्यानं चारच ढोल्या कोरल्या. पाचवी अजून लागलेली नाही.