साहेबांचा चहा परत गेला

सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना संगणकावरून ऑर्डरी घेता याव्यात, म्हणून रेवती कोडमने सगळ्यांसाठी एक्सएमएल या संगणकाच्या भाषेत ऑर्डरीच्या फॉर्मचा एकच नमुना बांधला. बैठकीत गिरणीवाले जहागीरदार साहेब गुरकावले, “गोदामाचा नंबर सक्तीचा करा. तो रकाना रिकामा दिसला, की ऑर्डर परत!”

रेवतीचं डोकंच फिरलं. घरातच माग चालवणाऱ्या अंबूमावशीकडे कुठलं आलंय गोदाम? तिचा धंदाच बसणार होता!

तेवढ्यात चहा आला. साहेबांनी हात पुढे केला, तसा रेवतीने त्यांच्यापुढचा कप उचलून परत ट्रेमध्ये ठेवला.

“अहो, हे काय?”

“तुमच्या गोदामाचा नंबर सांगा आधी.”

“चहा प्यायला गोदाम कशाला लागतं, बाई?”

“मग टॉवेल विकायला अंबूमावशीला कशाला लागतं?” रेवती कडाडली.

सक्ती तिथेच उठली. मग कुठे साहेबांना चहा मिळाला, तोही पार निवलेला.